आपल्या नाटकातला 'आपण' म्हणजे नक्की कोण? (इंदूरकरांनो, मदत हवी आहे)

रामबागची_रेवा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज धागा काढतेय कारण डोक्यात गुंता झालाय आणि घरी सांगून तो सुटत नाहीये.

आमचा छोटा हौशी ग्रुप आहे, दहा-बारा जण, कोणी बँकेत, कोणी शाळेत. दिवाळीनंतर दोन अंकी मराठी नाटक करायचंय. या वेळी मुंबई-पुण्याहून छापून आलेलं नको, आपलंच लिहू असं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. गोष्ट अशी, जुन्या इंदुरातला एक वाडा विकायला निघालाय. घरातली आजी लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये अहिल्याबाई झाली होती आणि आता सामान बांधता बांधता ती मधूनच परत अहिल्याबाई होते, महेश्वरचा दरबार तिला स्वयंपाकघरात दिसायला लागतो.

पहिलं वाचन झालं आणि दोन गोष्टींवरून भांडण झालं. एक म्हणजे भाषा. घरातली माणसं मी आपण बोलतो तशीच बोलवली आहेत, 'काय करून राहिला', 'मी गेली होती', 'घंटाभर लागेल'. ग्रुपमधले एक ज्येष्ठ म्हणाले स्टेजवर ही मराठी चालणार नाही, बाहेरचे लोक म्हणतील इंदूरवाल्यांना मराठी येत नाही. दुसरं म्हणजे अहिल्याबाई. माझ्या नाटकात ती चिडते, रडते, एका गोष्टीसाठी स्वतःला दोष देते. लगेच आवाज आला की देवीला असं दाखवायचं नाही.

मला खरंच विचारायचंय. नाटककार जेव्हा आपला देश, आपला समाज, आपली माणसं स्टेजवर आणतो तेव्हा त्याने अभिमान वाटेल असं दाखवायचं की आहे तसं? आणि ते 'आपण' कोण ठरवतं?

पोहे_विथ_नाटक:
पहिला रुमाल माझा. वाचतोय. वाड्याची गोष्ट ऐकूनच काटा आला, आमचाही जेल रोडवरचा असाच गेला.

विंगेतला:
रेवाताई, नाटक करा आणि असंच करा.

अभिमान की वास्तव हे भांडण फार जुनं आहे. डब्लिनला ॲबी थिएटर उभं राहिलं तेच मुळी आयर्लंडची स्वतःची ओळख स्टेजवर आणायची म्हणून. येट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्या १९०२ च्या 'कॅथलीन नी हुलिहान'मध्ये एक म्हातारी दारात येते, ती म्हणजेच आयर्लंड, आणि लग्न ठरलेला तरुण सगळं सोडून तिच्या मागे लढायला जातो. लोकांनी डोक्यावर घेतलं. पाच वर्षांनी त्याच मंडळींनी सिंजचं 'प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' केलं, त्यात बापाला मारलं असं सांगत आलेल्या पोराला खेड्यातले लोक हिरो करतात, आणि प्रेक्षकांनी दंगा घातला, आमचे शेतकरी असे नाहीत म्हणून. मंडळी तीच आणि गाव पण तेच. कॅथलीनला टाळ्या वाजवणारे आणि इथे दंगा करणारे, दोघांनाही आयर्लंड आपलं वाटत होतं हे लक्षात घ्या.

सिंजचं ते साल १९०७. आपल्याकडे त्याच वर्षी खाडिलकरांचं 'कीचकवध' आलं.

काकासाहेब_इं:
कीचकवधचा विषय निघाला म्हणून लिहितो. त्यात एकाही इंग्रजाचं नाव नाही, सगळं महाभारत. पण कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही कळत होतं. १९१० साली सरकारने बंदी घातली. हातात कायदा होताच, १८७६ चा, नाटकांवर लगाम घालायला केलेला. त्याच्या आधी बंगालमध्ये दीनबंधू मित्रांच्या 'नीलदर्पण'ने निळीच्या मळेवाल्यांचे हाल स्टेजवर आणून गोऱ्यांची झोप उडवली होती.

माझं म्हणणं एवढंच की त्या काळात नाटककाराने समाजाला उभं केलं, खाली बघायला लावलं नाही. भाषेबद्दल तर मी अगदी ठाम आहे. आमच्या आईने शाळेत हिंदी आणि घरी मराठी असं दोन्ही सांभाळलं. संध्याकाळी पाटीवर आम्हाला 'ळ' गिरवायला लावायची कारण शाळेतल्या हिंदीत तो नव्हता. चार पिढ्या गावापासून इतक्या लांब आपण ही भाषा जपली, ती स्टेजवर मोडकी नेऊन ठेवायची का? रेवा, तुझा ग्रुपमधला जो ज्येष्ठ आहे त्याची बाजू मला पटते.

सराफ्यातली_रात्र:
काका, 'ळ' ची गोष्ट वाचून डोळे भरले. माझी आजीपण हेच करायची. तरी पण आजी स्वतः 'पाणी पडून राहिलंय' म्हणायची पाऊस आला की. तिची मराठी मोडकी होती असं मी कधीच म्हणणार नाही.

मुळामुठा_ते_खान:
मी इंदूरचा, पण बारावीनंतर पुण्यात सहा वर्ष होतो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये एकाने विचारलं 'तू हिंदी का रे?' मी म्हटलं नाही, मराठी. तो म्हणाला वाटत नाही. त्यानंतर वर्षभर मी तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात तपासून घ्यायचो. 'करून राहिलो' आलं की गिळायचं आणि 'करतोय' म्हणायचं. अजूनही मीटिंगमध्ये तसंच करतो.

त्याच काळात 'घाशीराम कोतवाल' वाचलं. सगळे त्याच्याबद्दल बोलतात ते नाना फडणवीस, सत्ता, ब्राह्मणी पुणं या अंगाने, ते बरोबरच आहे. मला मात्र दुसरंच दिसलं. घाशीराम कनौजचा, उत्तरेतून आलेला. पुण्यात त्याच्यावर चोरीचा आळ येतो, अपमान होतो, हाकलला जातो, आणि मग तो या शहराचा सूड घ्यायची शपथ घेतो. बाहेरून आलेल्या माणसाला शहर कसं घडवतं ते तेंडुलकरांनी लिहिलंय, आणि वापरून झाल्यावर त्याला दगडांखाली कसं टाकतं तेही. मी ते वाचलं तेव्हा मला नानाचा राग आला नाही, त्या गर्दीचा आला. स्टेजवर बामणांची जी माणसांची भिंत उभी असते ना, कधी पडदा होते कधी गुपित झाकते, तिच्यासमोर मी मेसमध्ये उभा होतो असं वाटलं.

एवढं लांब लिहिलं कारण इंदूरच्या माणसाने लिहिलेलं नाटक मला हवंय ज्यात वाक्य गिळावं लागणार नाही.

प्रकाशयोजना:
+१. घाशीरामवर १९७२ मध्ये केवढा गदारोळ झाला. नानांची बदनामी म्हणे. संस्थेने थोड्याच प्रयोगांनंतर नाटक थांबवलं, मग कलाकार बाहेर पडून थिएटर ॲकॅडमी झाली आणि नाटक परत उभं राहिलं. १९८० ला युरोपला न्यायचं तर पुन्हा विरोध, की परदेशात महाराष्ट्राची अशी ओळख जाईल. म्हणजे घरात दाखवा पण पाहुण्यांसमोर नको. रेवाताईंच्या ग्रुपमधले ज्येष्ठ 'बाहेरचे लोक काय म्हणतील' म्हणाले ते हेच.

बडोद्याची_सून:
मी मूळची इंदूरची, आता बडोद्याची. आमच्या बडोद्याने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बघितलाय, १९१९, गडकरी गेले त्याच वर्षी. सांगून ठेवते 😊

पोहे_विथ_नाटक:
मग आमच्याकडून 'शारदा'! देवलांच्या शारदेचा पहिला प्रयोग इंदुरात, १८९९, किर्लोस्कर मंडळी. आम्ही वीस वर्ष आधी.

नवी_वाचक:
शारदेवरूनच तो बालविवाहाचा शारदा कायदा आला ना?

काकासाहेब_इं:
नाही, हा गैरसमज खूप लोकांचा आहे. १९२९ चा तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने, सारडा ॲक्ट. मराठीत 'शारदा' झालं कारण नाटक लोकांच्या मनात होतं.

विंगेतला:
काका, मग तुमच्याच मुद्द्यावर येतो. शारदा म्हणजे म्हाताऱ्याला पोरगी विकायला निघालेला बाप, आणि तो आपलाच बाप, इंग्रज नाही. ते पहिल्यांदा आपल्याच गावात आपल्याच लोकांसमोर झालं. म्हणजे इंदूरच्या प्रेक्षकाने सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःचं तोंड आरशात बघितलंय. आत्ताच उठून जातील असं का धरायचं?

महूवाला:
बराच वेळ लिहू की नको करत होतो. लिहितोच.

या धाग्यावर 'आपण' हा शब्द खूप वेळा आला. वाडा, राजवाडा, होळकर, किर्लोस्कर मंडळी. हे सगळं आहेच. पण इंदूरपासून तासाभराच्या आत महू आहे आणि तिथे १४ एप्रिल १८९१ ला एका मराठी सुभेदाराच्या घरी बाबासाहेब जन्मले. मालव्यातली मराठी माणसं पेशव्यांच्या फौजेबरोबर आली तशी पलटणीबरोबर पण आली, रेल्वेत आली, मिलमध्ये आली. आमच्या घरात मराठी चार पिढ्या आहे, नऊवारी-नथ-वाडा यातलं काही नाही. जेव्हा 'मराठी संस्कृती' म्हणून कार्यक्रम होतो तेव्हा स्टेजवर नेहमी तेच घर दिसतं, तुळशीवृंदावन आणि झोपाळा.

फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं, सांगलीच्या भाव्यांच्या 'सीतास्वयंवर'नंतर फक्त बारा वर्षांनी. एक शेतकरी नवरा-बायको, त्यांना फसवणारा भट, आणि मध्येमध्ये बोलणारा विदूषक. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं आणि छापून आलं थेट १९७९ ला. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना आपण सांगलीवरून किर्लोस्करांकडे उडी मारतो, मधलं हे पान कोणी वाचत नाही. नंतर आंबेडकरी जलसे झाले, भीमराव कर्डकांसारख्या लोकांनी गावोगाव केले, ती पण रंगभूमीच होती, तिला थिएटर नव्हतं एवढंच.

रेवाताई, तुमच्या वाड्यात कामाला कोण येतं? सामान कोण उचलतं? त्याला नाटकात वाक्य आहे का?

रामबागची_रेवा:
दादा, आहे. एक टेम्पोवाला आहे, दोन वाक्य. तुमचं वाचल्यावर उघडून बघितलं तर दोन्ही वाक्य 'हो ताई' अशीच आहेत. मला स्वतःचाच राग आला. हे मी बदलणार आहे.

सराफ्यातली_रात्र:
महूवाला दादा, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' बघितलंय का कोणी? राजकुमार तांगडेंचं. महापुरुष सगळ्यांचे, पण त्यांना ताब्यात कोणी घेतलं हाच प्रश्न नाटकात विचारलाय, तोही शाहिरी, गाणी, हसणं असं सगळं घेऊन. करणारी पोरं गावाकडची, बोलणं गावाकडचं. अहिल्याबाईंच्या बाबतीत आपल्याला हेच लागेल.

ग्वाल्हेरकर:
ग्वाल्हेरहून दखल घ्यावी :) आमच्याकडे राणी लक्ष्मीबाईची समाधी आहे. शिरवाडकरांचं 'वीज म्हणाली धरतीला' आमच्या हौशी मंडळींनी केलं तेव्हा माझ्या बहिणीने राणीच्या सखीचं काम केलं होतं. घरी तालीम चालायची आणि वडील म्हणायचे, बाई गं, राणी जन्मली काशीत, वाढली बिठूरला, नांदली झाशीत, तिची मराठी आपल्यासारखीच असणार. तेव्हा हसलो होतो. आता रेवाताईंचा प्रश्न वाचून ते आठवलं आणि खरंच वाटलं, उत्तरेतल्या मराठी माणसाचं सगळ्यात मोठं पात्र स्टेजवर नाशिकच्या कवीच्या भाषेत बोलतं. सुंदर बोलतं, माझं त्या नाटकावर प्रेम आहे. पण तिचं स्वतःचं बोलणं कोणी ऐकवलेलं नाही.

काकासाहेब_इं:
ग्वाल्हेरकर, तुमच्या वडिलांचं वाक्य मनात घोळतंय. तरी माझा एक प्रश्न शिल्लक आहे. नाटककार भाषा घडवतो, नुसती टेपरेकॉर्डरसारखी उतरवत नाही. रस्त्यावरचं जसंच्या तसं स्टेजवर आणलं की नाटक होतं का?

हबीबप्रेमी:
काका, प्रश्न एकदम मुद्द्याचा, आणि त्यावर आपल्याच प्रदेशातला एक माणूस आयुष्यभर काम करून गेला. हबीब तन्वीर. रायपूरचे. छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्यातले कलाकार घेऊन त्यांनी सुरुवातीला त्यांना हिंदी बोलायला लावलं आणि चालायची-बसायची जागा आखून दिली. तीच माणसं गावात रात्रभर लोकांना खिळवून ठेवायची आणि इथे आखडून जायची. त्यांना उमगायला बरीच वर्ष लागली की अडचण कलाकारात नाही, आपण त्यांच्या तोंडातली भाषा काढून घेतलीय. मग १९७० नंतर छत्तीसगढीतच नाटकं केली. 'चरणदास चोर' १९७५ चं, १९८२ मध्ये एडिंबराला जाऊन बक्षीस घेऊन आलं, छत्तीसगढीत. तिथे कोणाला छत्तीसगढी येत होती?

आणि ते टेपरेकॉर्डर नव्हतं. गाणी, लय, कुठे थांबायचं, सगळं घडवलेलं होतं. माती तिथली होती, हात कुंभाराचा होता.

आपल्या मालव्यातच माच हे लोकनाट्य आहे, उंच मंच, ढोलक, सारंगी, रात्रभर चालणारं. उज्जैनकडे जाऊन एकदा बघा, मालवी किती ताकदीने गाता येते ते कळेल. तुमच्या आजीला मध्येच एखादी मालवी ओळ यायलाच हवी, ती दूधवालीशी कशात बोलत असेल?

नवी_वाचक:
दूधवालीशी मालवी, नातवाशी हिंदी, देवाशी मराठी. आमच्या घरात हेच आहे.

पोहे_विथ_नाटक:
हे वाक्य नाटकात घ्याच.

मुळामुठा_ते_खान:
भाषेवरच अजून एक. ब्रायन फ्रीलचं 'ट्रान्सलेशन्स', १९८०, डेरीला पहिला प्रयोग. १८३३ चं आयरिश खेडं, इंग्रज सैनिक नकाशा करायला आलेत आणि गावांची नावं इंग्रजीत करून लिहीत चाललेत. गंमत म्हणजे पूर्ण नाटक इंग्रजीत आहे, पण गावकरी आयरिश बोलतायत असं धरायचं, आणि सैनिक व मुलगी एकमेकांवर प्रेम करतात तेव्हा दोघांना एकमेकांचा शब्द कळत नाही, आपल्याला दोघांचाही कळतो. मी रोज पत्ता लिहिताना इंदौर लिहितो आणि आईला फोनवर इंदूर म्हणतो, तेव्हा हे नाटक आठवतं.

प्रकाशयोजना:
विषय भाषेवर गेला, अहिल्याबाई राहिल्या. रेवाताई, ती स्वतःला दोष देते तो प्रसंग कुठला?

रामबागची_रेवा:
मुक्ताबाईचा.

थोडं सविस्तर सांगते. १७५४ ला कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले, अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. त्या राहिल्या म्हणून पुढचं सगळं घडलं, महेश्वर, घाट, विणकर, काशी विश्वेश्वराचं देऊळ. आणि १७९१ ला जावई गेले तेव्हा मुलगी मुक्ताबाई सती निघाली. आईने खूप समजावलं. मुक्ता थांबली नाही. सासऱ्याच्या शब्दाने जी थांबली, तिच्या शब्दाने तिची मुलगी थांबली नाही. इतक्या मोठ्या राज्याची मालकीण आणि नर्मदेच्या काठावर हात रिकामे. माझी आजी वाडा सोडताना हेच म्हणते, की माझं कुणी ऐकलं नाही.

आपल्याकडे अहिल्याबाई म्हणजे पांढरी साडी, हातात पिंड. त्रिशताब्दीच्या वर्षात, २०२५ मध्ये, चौकाचौकात तेच चित्र. ते चित्र मलाही प्रिय आहे, माझ्या देवघरात आहे. पण त्या रोज दरबारात बसून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, हिशेब बघायच्या. पिंड धरलेल्या हाताने कागदही धरले होते ना. मला ते दोन्ही हात दाखवायचेत.

विंगेतला:
१७९१! घाशीराम पुण्यात दगडांनी मारला गेला तेही १७९१. एकाच वर्षात पुण्यात ते आणि महेश्वरला हे. बसून राहिलो वाचून.

हबीबप्रेमी:
करा हो ताई. वोले सोयिंकांना नायजेरिया स्वतंत्र झाला तेव्हा, १९६० मध्ये, त्या सोहळ्याच्या निमित्ताने नाटक लिहायचं होतं. 'अ डान्स ऑफ द फॉरेस्ट्स'. लोकांना वैभवशाली पूर्वज हवे होते, त्यांनी स्टेजवर तक्रार घेऊन आलेले मेलेले पूर्वज आणले. नव्या देशाला त्यांनी दिलेली ती मोठी भेट होती असं मी मानतो.

महूवाला:
मुक्ताबाईचा प्रसंग वाचला. ताई, हे दाखवाच. देवी करून ठेवली की बाईचं दुःख कोणाला दिसत नाही. आमच्याकडे बाबासाहेबांच्या नाटकात रमाबाईंचं हेच होतं.

काकासाहेब_इं:
दोन दिवस विचार केला. रेवा, भाषेबद्दल माझं मत बदललं असं म्हणत नाही, मला अजून 'मी गेली होती' स्टेजवर ऐकताना टोचेल. पण मुक्ताबाईचा प्रसंग ऐकून वाटलं की यात अनादर कुठेच नाही. एक सुचवतो. वाड्यातली भाषा तू म्हणतेस तशी ठेव, आणि आजी अहिल्याबाई होते तेव्हाची भाषा अठराव्या शतकातल्या पत्रांसारखी कर. मोडी येते मला, जुन्या पत्रांची धाटणी माहीत आहे, तेवढे प्रवेश माझ्याकडे दे. दोन मराठी शेजारी शेजारी ऐकू येऊ देत.

रामबागची_रेवा:
काका!! हे मला सुचलंच नसतं. पाठवते आजच.

सराफ्यातली_रात्र:
अजून एक सुचवू का. केनियात न्गुगी वा थिओंगोंनी १९७७ ला कामिरिथू गावात गिकुयू भाषेत नाटक केलं, तोवर ते इंग्रजीत लिहायचे. संहिता गावकऱ्यांसमोर वाचली आणि गावकऱ्यांनी ती दुरुस्त केली, म्हातारा असा बोलणार नाही, मजूर हा शब्द वापरणार नाही, असं करत करत. सरकारला इतकं झोंबलं की न्गुगींना वर्षभर तुरुंगात ठेवलं. आपल्याला तुरुंगाची भीती नाही, मग तेवढं वाचन तरी करूया. ग्रुपच्या खोलीत नको, एखाद्या गच्चीवर, आज्या-आजोबा, कामवाल्या मावश्या, टेम्पोवाले दादा सगळ्यांना बोलवून.

पोहे_विथ_नाटक:
गच्ची आमची, लोकमान्य नगर. पोहे माझ्याकडे, जिरावण पण.

महूवाला:
मी येतो. आमचा चुलतभाऊ टेम्पोच चालवतो, त्याला पण आणतो. तुमचा टेम्पोवाला काय बोलेल ते त्यालाच विचारा.

ग्वाल्हेरकर:
रात्रीच्या गाडीने येतो. बहीण पण येते म्हणतेय.

रामबागची_रेवा:
शनिवार, संध्याकाळी सहा. पहिल्या प्रवेशात पाऊस सुरू होतो आणि अंगणात बांधलेले बोचके भिजतात. आजी ओरडते, 'अगं पाऊस आला, सामान आत घ्या.' हे बरोबर आहे का तेवढं आत्ताच सांगा कोणीतरी.

नवी_वाचक:
नाही ताई. आजी म्हणेल, 'अगं पाणी पडून राहिलंय, सामान आत करा.'

काकासाहेब_इं:
आमची आई हेच म्हणायची. तसंच ठेव.